पार्किन्सनच्या संशोधनावर सरकार किती खर्च करतं, हे विचारायचं कसं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात एका गावात शाखा डाकपाल आहे. सह्या पाहणं हे माझं रोजचं काम. पैसे काढायच्या फॉर्मवरची सही आणि खातं उघडतानाची नमुना सही शेजारी-शेजारी ठेवायची, जुळली की नोटा मोजायच्या. बाबांची सही ऐसपैस होती, शेवटच्या अक्षराचा फराटा चौकट ओलांडून जायचा. एका दिवाळीच्या आधी त्यांचा फॉर्म हातात घेतला तर सगळी सही चौकटीच्या कोपऱ्यात मावलेली. पहिलं अक्षर बरं, पुढची बारीक होत गेलेली, शेवटचं तर नुसता ठिपका. मी म्हटलं, "बाबा, सही नीट करा ना." ते म्हणाले, "नीटच करून राह्यलो वं."

हात थरथरायला लागला तो त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर एकच ओळ चार वेळा लिहायला लावली आणि अक्षर आकसत गेलेलं पाहून सांगितलं, की हे या आजाराचं सुरुवातीचं लक्षण असतं. पार्किन्सन. आपण कंपवात म्हणतो तो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये त्यावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, म्हणून त्याचं नाव. परतीच्या एसटीत बाबा बराच वेळ गप्प होते. वडकी गेल्यावर म्हणाले, "दोनशे वर्सांचा रोग हाय म्हणते डॉक्टर. मंग सरकार यावर काही शोधून राह्यलं का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मिळवायची वाट मी चुकतमाकत शिकले. ज्यांच्या घरी असा माणूस आहे आणि ज्यांना हाच प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी ती वाट इथे लिहिते.

एक गोष्ट आधी सांगते, कारण गावात सगळे तेच विचारतात. हा इलाजाचा पैसा नाही. यातून गोळ्या मिळत नाहीत. स्वतःच्या माणसासाठी काही करायचं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सनचं नाव स्पष्ट आहे. ते काम वेगळं, आणि तेच आधी करा.

पैसा कोणाच्या खिशात आहे

केंद्राच्या अर्थसंकल्पात पार्किन्सन नावाचा रकाना नसतो. संशोधन संस्थांना ठोक अनुदान जातं आणि त्यातून कोणत्या आजाराला किती द्यायचं ते पुढे ठरतं. म्हणून "सरकार किती देतं" असा एकच प्रश्न एकाच दारात विचारून भागत नाही. दारं अनेक आहेत.

सर्वांत मोठं दार आरोग्य मंत्रालयाचं. त्याखाली आरोग्य संशोधन विभाग, आणि त्या विभागाखाली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर. ही संस्था १९११ पासूनची, आजचं नाव १९४९ पासूनचं. दुसरं दार विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालयाचं. तिथे जैवतंत्रज्ञान विभाग आहे, जो मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राला पैसा देतो. तिथेच विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आहे, ज्याच्या अखत्यारीत तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था येते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं, तेही आता प्रकल्पांना अनुदान देतं. आयुष मंत्रालयाचं वेगळं दार आहे, आणि ते विसरू नका. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, म्हणजे बाबांच्या गोळीत जे औषध असतं तेच. त्यामुळे आयुर्वेदाच्या बाजूनेही या आजारावर काम होतं. (ऐकून कोणी धुऱ्यावरच्या शेंगा काढून बिया द्यायला लागू नका. बीत औषध किती ते मोजलेलं नसतं, आणि गोळीसोबत ते दुप्पट होऊ शकतं.)

पैसा दोन तऱ्हांनी खर्च होतो. संस्था स्वतःच्या प्रयोगशाळेत जे करते तो एक, आणि बाहेरच्या कॉलेजातल्या डॉक्टरने प्रस्ताव पाठवून मिळवलेला दुसरा. आपल्यासाठी दुसरा महत्त्वाचा. कारण त्याला मागणारा लागतो. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या कोणी प्रस्तावच पाठवला नसेल, तर दिल्लीने नाकारलं असं म्हणता येणार नाही. मागितलं नाही की मागून मिळालं नाही? मला हेच शोधायचं होतं, आणि पुढची सगळी मांडणी त्यासाठीच आहे.

विदर्भाचा प्रश्न वेगळा का

बाबांनी चाळीस वर्षं पऱ्हाटी पेरली. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, वाऱ्याची दिशा पाहून तासातासाने फवारायचं. त्यांचा आजार फवारणीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. वय आहे, अनुवंश आहे, आणि एका माणसाबद्दल तसं कोणालाच सांगता येत नाही. पण प्रश्न हवेतला नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी छापलं, की भेसळीच्या नशेतून एमपीटीपी नावाचं रसायन शरीरात गेलेल्या तरुणांना थेट पार्किन्सनसारखी अवस्था आली. ते रसायन शरीरात ज्या रूपात बदलतं, त्याची घडण पॅराक्वाट या तणनाशकाच्या घडणीशी मिळतीजुळती आहे. तिथूनच शास्त्रज्ञांचं लक्ष शेतातल्या औषधांकडे वळलं.

अमेरिकेत १९९३ पासून आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांतल्या शेतकरी, फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार अशा सुमारे ८९ हजार लोकांचा सरकारी पैशाने पाठपुरावा चालू आहे. त्याच लोकांमधून निवडलेल्यांवरच्या अभ्यासात २०११ मध्ये दिसलं, की पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण न वापरलेल्यांच्या सुमारे अडीच पट होतं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, त्या वेळी सगळे खडबडून जागे झाले. ते विष दोन दिवसांत दिसलं. वीस वर्षांनी दिसणारं कोण मोजणार?

घरोघरी जाऊन मोजता येतं, हे महाराष्ट्रातच झालेलं आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत १४,०१० लोकांची घरोघर पाहणी होऊन १९८८ मध्ये आकडा छापला गेला: लाखामागे ३२८. वसाहतीत जे जमलं ते कोलामांच्या पोडावर आणि वाडीवस्तीत का जमू नये, हा माझा प्रश्न आहे.

अर्ज: पहिल्यांदा मी काय चुकले

माहितीच्या अधिकारात माझा पहिला अर्ज पानभर होता. पार्किन्सनवर संशोधन का होत नाही, विदर्भाकडे दुर्लक्ष का, शेतकऱ्याचा जीव स्वस्त आहे का. मनापासून लिहिला होता. अठ्ठावीस दिवसांनी एका कार्यालयाकडून दोन ओळी आल्या, की विचारलेलं कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण नंतर २००५ चा कायदा नीट वाचला, आणि मान्य करावं लागलं की उत्तर नियमाला धरून होतं. त्यांच्या दप्तरात जे कागद आहेत तेच ते देऊ शकतात. 'का'चा कागद दप्तरात नसतो. यादी असते, मंजुरीपत्र असतं, अहवाल असतो. ते मागायचं.

आता मी असं लिहिते:

"१. मागील पाच आर्थिक वर्षांत आपण मंजूर केलेल्या, शीर्षकात 'पार्किन्सन' हा शब्द असलेल्या संशोधन प्रकल्पांची यादी: शीर्षक, संस्था, जिल्हा, कालावधी, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष वितरित रक्कम.

२. याच काळात या विषयावर आलेल्या प्रस्तावांची एकूण संख्या, आणि त्यांपैकी महाराष्ट्रातल्या संस्थांकडून आलेल्यांची संस्थानिहाय संख्या.

३. पूर्ण झालेल्या प्रकल्पांच्या अंतिम अहवालांच्या प्रती.

४. कीटकनाशकं वा तणनाशकं आणि पार्किन्सन यांचा संबंध तपासणाऱ्या प्रकल्पांची यादी. अशी नोंद नसल्यास तसं लेखी कळवावं."

दुसरा मुद्दा कधीच गाळू नका. मागितलं नाही की मिळालं नाही, हे त्यातूनच कळतं. आणि चौथ्यातलं शेवटचं वाक्य मी फार विचार करून घातलं आहे. "नोंद नाही" असं सही-शिक्क्यानिशी आलेलं पत्रही खासदारापुढे ठेवता येतं.

मुख्य संशोधकाचा फोन, रुग्णांची नावं असलं काही मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, आणि बरोबरच आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत ठेवायचा. वरचा मजकूर त्यात सहज बसतो.

भाषेची भीती नको. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा ज्या भागातून करतो तिथल्या राजभाषेत करता येतो, असं कायद्यातच आहे. म्हणजे पांढरकवड्याहून मराठीत केलेला अर्ज पूर्ण कायदेशीर. तरी मी आजाराचं नाव इंग्रजी अक्षरांतही लिहिते, कारण त्यांच्या संगणकात ते तसंच शोधलं जातं.

पोस्टातलं

हा भाग माझा आहे, म्हणून जरा थांबते.

शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही, फक्त कार्डाची प्रत जोडायची. केंद्राच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टँप लावून पाठवू नका. तो राज्याच्या कार्यालयांसाठी चालतो. किती तरी लोक इथेच अडकतात, अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो. केंद्रासाठी पोस्टल ऑर्डर घ्या आणि ती लेखा अधिकाऱ्याच्या नावे भरा. आमच्यासारख्या शाखा डाकघरात ती सहसा नसते, तालुक्याच्या पोस्टातून आणावी लागते. कोरी पाठवू नका, आणि तिचा नंबर अर्जातच लिहा, म्हणजे "शुल्क मिळालं नाही" म्हणायला जागा उरत नाही.

रजिस्टरी मागू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून ती स्पीड पोस्टातच मिळवली आहे. स्पीड पोस्टाच्या पावतीवरचा नंबर टाकून पत्र कोणत्या तारखेला पोचलं ते पाहा आणि त्या दिवसाची नोंद छापून ठेवा. उत्तरासाठीचे तीस दिवस अर्ज टाकल्यापासून मोजत नाहीत, पोचल्यापासून मोजतात. ज्यांना मोबाईल बरा जमतो त्यांनी केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर भरलं तरी चालतं, पैसे तिथेच कापले जातात. मात्र नोंदणी क्रमांक लगेच वहीत उतरवा. मेसेज हरवतात.

चुकीच्या दारात अर्ज गेला तर घाबरायचं नाही. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे धाडायचा असतो. माझा एक अर्ज तीन कार्यालयं फिरला आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी आली. त्यातून मलाच कळलं, कोणाच्या दप्तरात काय आहे.

उत्तर आल्यावर

आकडे पाहताना मंजूर आणि वितरित यांत गल्लत करू नका. समजा एका प्रकल्पाला ३ वर्षांसाठी ६० लाख मंजूर झाले आणि पहिल्या वर्षी १८ लाख दिले. त्या वर्षीचा खर्च १८ लाख धरायचा. साठ धरला तर आपण सरकारला न दिलेल्या पैशाचं श्रेय देतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा धरला तर हिशेबच खोटा. मी वहीत आडवी रेघ मारून वर्षागणिक वितरित रक्कमच लिहिते. मग शीर्षक पाहा. 'पार्किन्सन' शब्द असला तरी काही काम उंदरांवरचं असतं, काही पेशींवरचं, काही माणसांवरचं. तिन्ही हवीत, उंदरावरचं काम म्हणजे पैसा वाया, असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही. पण गावात जाऊन माणसं मोजणारं एकही नसेल, तर ते वेगळं लिहून ठेवा.

"आजारनिहाय माहिती ठेवली जात नाही" असंही उत्तर येतं. मग पुढच्या अर्जात मज्जासंस्थेच्या सगळ्या प्रकल्पांची यादी मागा आणि स्वतः मोजा, किंवा दप्तर पाहण्याची परवानगी मागा. पाहणीचाही हक्क कायद्यात आहे. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आजारनिहाय खर्च दरवर्षी जाहीर करते, पार्किन्सनचा आकडाही त्यात असतो. तिथे १९९७ मध्ये पार्किन्सनच्या संशोधनासाठी खास कायदा झाला, आणि जुलै २०२४ मध्ये या आजाराविरुद्ध राष्ट्रीय योजना करायचा दुसरा. तिथल्या रुग्णांनी आणि घरच्यांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली म्हणून ते झालं.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करा. केंद्राला याचं शुल्क नाही. तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोग. मुदत उलटून माहिती मिळाली तर झेरॉक्सचे पैसे मागता येत नाहीत, हेही अपिलात लिहा.

खासदाराकडे जाताना

आपला खासदार कोण ते आधी नक्की करा. यवतमाळ जिल्ह्यात राहून सगळ्यांचा खासदार एक नाही. आमचं गाव आर्णी विधानसभेत, आणि आर्णी व वणी चंद्रपूर लोकसभेत जातात. उमरखेड हिंगोलीत. बाकीचे यवतमाळ-वाशीममध्ये.

नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका. संसदेत विचारता येईल असा तयार प्रश्न न्या. लोकसभेत प्रश्न १५० शब्दांत बसवायचा असतो आणि किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या त्याच आठवड्यात स्वीय सहायकाच्या हाती कागद पडला पाहिजे. अतारांकित प्रश्नच मागा. तोंडी उत्तराच्या तारांकित यादीत दिवसाला वीसच प्रश्न येतात. अतारांकित २३० पर्यंत येतात, आणि आपल्याला लेखी आकडाच हवा असतो. प्रश्न आरोग्य मंत्र्यांना, भाग पाडून: (अ) मागील पाच वर्षांत पार्किन्सनच्या संशोधनावर वर्षनिहाय किती निधी वितरित झाला, (ब) त्यातला विदर्भातल्या संस्थांना किती, (क) फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांत या आजाराची पाहणी झाली आहे का, नसल्यास तसा प्रस्ताव आहे का. सोबत माहिती अधिकारात आलेल्या पत्राची प्रत लावा. आणि दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २८ दाखवा: दिव्यांगांच्या पुनर्वसनाशी निगडित संशोधन सरकारने सुरू करावं, असं तिथे लिहिलं आहे. उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं.

मागणारा तयार करणं

उत्तरात विदर्भातून आलेले प्रस्ताव शून्य किंवा एक-दोनच निघाले, तर ते पत्र घेऊन जवळच्या मेडिकल कॉलेजला जा. यवतमाळ, सावंगी, सेवाग्राम, नागपूर, अकोला, अमरावती, जे जवळ असेल ते. मेडिसिन विभागात आणि जनऔषधवैद्यक विभागात, दोन्हीकडे. त्या प्राध्यापकांकडे ओपीडीच्या रांगा असतात, आपल्याला दहा मिनिटं मिळतील. त्या दहा मिनिटांत तक्रार करू नका. विचारा, की आमच्या गावात पाहणी करायची असेल तर आम्ही काय जमवून द्यावं? एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना लहान संशोधनासाठी आयसीएमआरची विद्यार्थी शिष्यवृत्ती असते, एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंध लागतोच. मोठ्या अनुदानाच्या आधी अशी लहान कामं झालेली असली की प्रस्तावाला वजन येतं.

घरी बसून करायचं काम एकच, पण ते आजच सुरू करा: फवारणीची वही. कोणत्या साली कोणतं औषध, पंप पाठीवरचा की पेट्रोलचा, हंगामात किती दिवस, अंगावर सांडलं होतं का, विहिरीजवळ डबे धुवायचे का. संशोधकाला नेमकं हेच कुठे मिळत नाही, आणि आठवण या आजारात पुढे थकत जाऊ शकते. सांजच्याला बाबा बाजेवर बसतात, मी लिहिते. एन्ड्रिनपासून सुरुवात झाली, जे १९९० मध्ये बंद झालं. औषधाचं नाव आठवत नाही तेव्हा ते डब्याचा रंग सांगतात, किंवा वास. वासाचं सांगताना परवा थांबले. "आता कशाचाच वास येत नाही वं," म्हणाले. तेही मी वहीत तारीख टाकून लिहिलं, कारण वास जाणं हेही या आजाराचं लक्षण आहे.

शेवटचा अर्ज मी माझ्या नावाने लिहीत होते. बाबा म्हणाले, "माह्या नावानं टाक. रोग मले हाय." अर्ज कोणत्याही नागरिकाला करता येतो आणि नमुना सहीशी कोणी जुळवून पाहत नाही, म्हणून रुग्णाच्या नावाने करायला काहीच हरकत नाही. त्यांनी मनगट टेबलावर टेकवून सही केली, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याखाली नाव आणि पत्ता मी ठळक अक्षरांत लिहिला, कारण उत्तर त्या पत्त्यावर यायचं असतं. तुम्हीही तसंच करा. पाकीट बंद करण्याआधी सही झालेल्या अर्जाची आणि पोस्टल ऑर्डरची झेरॉक्स काढा, आणि स्पीड पोस्टाची पावती त्या झेरॉक्सच्या मागे अशी चिकटवा की तारीख डिंकाखाली जाणार नाही.